ज्याची फुंकर त्याला

पत्ते उघडायच्या आधी आत्या काय काय करायची ते धाकटीला तोंडपाठ होतं. आधी मनगटावरचं घड्याळ काढायचं आणि पालथं ठेवायचं. मग हात कोपरापर्यंत गार पाण्यानं धुवायचे, पण पुसायचे नाहीत. हवेवर वाळू द्यायचे आणि वाळेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. टेबलावर पडद्याच्या अस्तराचा काळा तुकडा अंथरायचा आणि त्यावर टॅरोचे सगळे पत्ते ओळीनं उताणे मांडायचे. राजे, राण्या, पेले, काठ्या, तलवारी, नाणी. एकेकावर बोट ठेवून "आहेस ना?" असं विचारायचं. वर्गातल्या बाई हजेरी घेतात तसं. सगळे हजर असले की गड्डी गोळा करायची, पिसायची आणि समोर बसलेल्या माणसाच्या तोंडापुढे धरायची.

माणसानं प्रश्न मोठ्यानं बोलायचा नाही. तो मनात धरून गड्डीवर फुंकर घालायची. दुधावरची साय बाजूला सारायला घालतात ना, तेवढीच.

आणि सगळ्यांत शेवटी, पत्ते सांगून झाले आणि माणूस उठला, की तो जिना उतरायच्या आत मागची खिडकी उघडायची. गड्डी पंख्यासारखी फुलवून बाहेरच्या उजेडात झटकायची आणि म्हणायचं, "ज्याची फुंकर त्याला. जा बाबा आपल्या घरी." मग गड्डी कानाला लावायची. आत सगळं शांत आहे असं वाटलं की कापडात गुंडाळायची.

धाकटी लहान असताना विचारायची, "आत्या, कानाला काय लावतेस? फोन आहे का तो?"

"हो. वरच्याला लावते," आत्या म्हणायची. "विचारते, कुणाचं काही राहिलं नाही ना माझ्याकडे."

आत्या देवाची माणूस. पत्ते म्हणजे भविष्य असं ती कधीच म्हणाली नाही. म्हणायची, "अगं, भविष्य त्याच्या हातात. पत्ते नुसते बोलायला निमित्त. पण फुंकर खरी असते. श्वास कुणाच्या मालकीचा नसतो, वापरायला दिलेला असतो. दुसऱ्याचा आपल्या घरात ठेवून घेतला तर वर काय तोंड दाखवू?" आणि गायची. सकाळच्या प्रार्थनेत गायची, भांडी घासताना गायची. पुढच्या दातांत चांगली मोठी फट होती, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी बारीक शीळ वाजायची. दादा चिडवायचा, "देवाला वाटत असेल, कुकर झाला." आत्या सगळ्यांत मोठ्यानं हसायची, आणि हसण्यातही शीळ.

घर म्हणजे खाली पडद्यांचं दुकान आणि वर दोन खोल्या. दादा लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मापायचा, दांड्या ठोकायचा. वहिनी शिलाई मशीनवर बसून चुण्या घालायची. धाकटी सकाळभर खालच्या कडा दुमडायची, आकड्या टाचायची. दुपारी वरच्या मागच्या खोलीत आत्या पत्ते घेऊन बसली की धाकटी शेजारी बसून बघायची. त्या खोलीतली ती एकच खिडकी. गंमत म्हणजे साऱ्या गावाला पडदे पुरवणाऱ्या घरात त्या खिडकीला मात्र पडदा नव्हता. आत्या लावूच द्यायची नाही.

शेवटच्या आजारात आत्या त्याच खोलीत पडून होती. एका दुपारी तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "धाकटे, आज माझ्यासाठी काढ गं."

धाकटीनं हात धुतले, वाळवले, हजेरी घेतली. गड्डी आत्याच्या ओठांशी नेली. आत्यानं फुंकर घातली, अगदी क्षीण, पण शिळेसकट. पहिलाच पत्ता निघाला चार तलवारींचा. त्यावर एक माणूस छातीवर हात जोडून उताणा निजलेला असतो आणि तलवारी त्याच्या वर-खाली टांगलेल्या असतात.

"विश्रांती," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "आता तुला आराम पडणार, आत्या."

आत्यानं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही म्हणाली, कळलं नाही. तिनं बोट उचललं आणि पत्त्याच्या वरच्या कोपऱ्याकडे नेलं. बोट तिथं टेकलं आणि तसंच राहिलं.

त्यानंतर घरात जी माणसांची रीघ लागली, त्यात गड्डी कुणाच्या लक्षात राहणार? दादानं ती उचलून कापडात गुंडाळली आणि कपाटात टाकली. खिडकी उघडायचं कुणालाच सुचलं नाही.

माणसं पांगली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या इमारतीची डागडुजी निघाली. भिंतीभिंतीनं परांची चढली आणि धूळ उडू नये म्हणून तिच्यावर जाड ताडपत्री आवळली. ती मागच्या खोलीच्या खिडकीवरही ताणून बसली. मग तिथला मालक आणि ठेकेदार हमरीतुमरीवर आले, काम बंद पडलं, गवंडी निघून गेले. ताडपत्री तेवढी राहिली. खोलीत दिवसाढवळ्या शेवाळी अंधार असायचा, पाण्याखाली बसल्यासारखा.

अशा खोलीत धाकटी आत्याच्या खुर्चीवर बसली. माणसं यायला लागली होती आणि नाही म्हणवेना. सगळं आत्यासारखंच करायची. घड्याळ पालथं, हात ओले, हजेरी, फुंकर. फक्त शेवटी खिडकीऐवजी टेबलफॅन लावायची आणि त्याच्यापुढे गड्डी झटकायची. वारा तो वारा, असं तिनं स्वतःला समजावलं. बंद खोलीत पंखा फिरवला तर आतलीच हवा आत फिरते, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्याच दिवशी तिनं सवयीनं गड्डी कानाला लावली.

आत कुणीतरी श्वास घेत होतं.

संथ, आत-बाहेर, आणि प्रत्येक उच्छ्वासाच्या टोकाला बारीक शीळ.

धाकटीनं वळून दाराकडे पाहिलं. पण गड्डी तिनं खाली ठेवली नाही. कुणी मागून येऊन डोळे झाकावेत आणि त्या हातांच्या वासावरूनच माणूस ओळखू यावा, तसं तिला झालं. ती तशीच बसून राहिली, कान दुखेपर्यंत. कुणाला सांगितलं नाही. दादा हसला असता आणि वहिनीनं कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. त्या दिवसापासून दुपारची माणसं गेली की दार लावून ती गड्डी कानाशी धरायची आणि म्हणायची, "आत्या, आज ना..." आणि दिवसभरातलं सगळं सांगायची.

पत्तेही बोलायला लागले. इतके की धाकटीलाच भीती वाटावी. टपालवाल्याला तिनं सांगितलं की तुझ्या बहिणीचा राग गेलाय, आणि दुसऱ्या दिवशी बहीण दारात. लोक जिन्यावर बसून वाट बघू लागले.

"काय वन्सं," वहिनी मशीनवरून ओरडायची, "आज कुणाकुणाचं नशीब उसवलंत? शिवून द्यायचं असेल तर खाली पाठवा, दोऱ्याला दोरा जुळवून देते."

"तुझंच उसवते थांब."

"माझं आधीच दुहेरी शिलाईचं आहे. तुझा भाऊ गळ्यात पडला तेव्हापासून." दादा दांडी तासता तासता नुसता मान हलवायचा.

अशी वहिनी. पण एका दुपारी ती आपणहून वर आली. दोनदा आशा लागून मोडली होती, आणि आता पुन्हा दिवस गेले होते. घरात तिघांनाच ठाऊक होतं आणि तिघंही ते मोठ्यानं बोलत नव्हते. वहिनी खुर्चीवर टेकली, पोटावर कापडाची घडी धरून.

"चला, करा तुमचं नाटक," ती म्हणाली. "हसू नकोस हं. मी गंमत म्हणून आलेय."

धाकटी हसली नाही. वहिनीनं डोळे मिटले आणि फुंकर घातली. जोरात नाही. फार जपून, जणू समोर दिवा होता आणि तो विझायला नको होता.

पत्ता निघाला चार तलवारींचा.

"विश्रांती," धाकटी म्हणाली. "पडून राहायचं, वहिनी. मशीन बंद."

"एवढंच ना? हे तर डॉक्टरीणबाई फुकटात सांगतात." वहिनी उठली, पण जाताना तिनं धाकटीच्या गालाला हात लावला. जिन्यात तिची पावलं मध्येच थांबली. मग पुन्हा चालू झाली. मग पुन्हा थांबली.

त्या दिवसापासून वहिनीला धाप लागायला लागली. बसल्या बसल्या, निजल्या निजल्या. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, रक्त तपासलं. म्हणाल्या, काही दोष दिसत नाही. पण पोटातल्या बाळाची वाढ मात्र रेंगाळलीय, आणि आईला श्वास पुरत नसेल तर त्याला कुठून पुरणार? जिना चढवेना म्हणून वहिनीचं अंथरूण खाली दुकानातच घातलं, आणि दादा बाहेरची कामं सोडून तिच्या उशाशी बसायला लागला. मशीन खरंच बंद पडलं. ते बंद मशीन घरात ओरडल्यासारखं वाटायचं.

आता धाकटीला बाकीचंही दिसू लागलं. टपालवाला सायकल हातात धरून चालत होता. "चढ लागतो हल्ली," म्हणाला. रस्ता तर सपाट. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता वाक्याच्या मध्यात थांबायचा आणि वस्तरा हवेत धरून श्वासाची वाट बघायचा. सगळे तिच्या टेबलाशी बसून गेलेले.

आणि आता प्रत्येकाला तोच पत्ता. कितीही पिसा, वर तोच निजलेला माणूस. धाकटी प्रत्येकाला तेच सांगायची, विश्रांती घ्या.

रात्र रात्र ती विचार करायची, पण दुपार झाली की पुन्हा दार लावून गड्डी कानाशी. आतली शीळ हल्ली घाईची झाली होती. पूर्वी ऐकून बरं वाटायचं. आता तसं वाटत नव्हतं, तरी सोडवतही नव्हतं.

मग एका दुपारी गाणाऱ्या बाई आल्या. प्रार्थनेत आत्याच्या शेजारी उभ्या राहून आयुष्यभर गायलेल्या. त्याही आत्या गेल्यावर एकदा फुंकर घालून गेल्या होत्या. आज जिना चढून आल्या त्या भिंतीला टेकल्याच.

"बाळ, माझा आवाज गेला गं," त्या म्हणाल्या. "आवाज आहे, पण दम नाही. ओळ सुरू करते, आणि मध्येच... हे बघ." त्यांनी आत्याचीच आवडती ओळ धरली,

"तुझ्या दारचा वारा, माझ्या उरात आला..."

आणि पुढचं आलं नाही. ओठ हलले, डोळे भरले, पण हवाच नव्हती. "देवापुढे अर्धी ओळ गाऊन परत येते रोज. लाज वाटते. बघ ना काय दिसतंय."

धाकटीनं हात धुतले. हात वाळेपर्यंत बोलायचं नव्हतं, हे बरंच होतं. बाईंनी फुंकर घालायला तोंड पुढे केलं, तेव्हा तिनं गड्डी मागे घेतली. "नको. तशीच काढते."

तोच पत्ता.

धाकटी विश्रांती म्हणणार, तेवढ्यात बाईंनी चष्मा वर केला आणि पत्ता हातात घेतला. "अगं बाई. किती सुरेख खिडकी काढलीय."

"कुठली खिडकी?"

"ही काय. कोपऱ्यात. रंगीत काचांची. आम्ही गातो तिथंही आहे अशीच, गाताना माझी नजर तिच्यावरच असते. तू निजलेल्याकडेच बघत बसलीस होय?"

वरचा कोपरा. आत्याचं बोट तिथंच टेकलं होतं.

धाकटीनं गड्डी कानाला लावली. आत्यासाठी नाही, आत्यासारखी. आत किती जण होते! इतके दिवस तिला एकच शीळ ऐकू येत होती, कारण तिला तेवढीच ऐकायची होती. आता ऐकू आली ती कोंडलेल्या माणसांनी भरलेली खोली. जाड श्वास, पातळ श्वास, तंबाखूची घरघर, कुणाचा हुंदक्यासारखा. त्यांत वहिनीचा जपून घातलेला. आणि त्याला लगटून आणखी एक, इवलासा, पाखराच्या छातीसारखा भरभर चालणारा. ज्यानं या जगात अजून एकही श्वास घेतला नव्हता, त्याचा.

त्या इवल्या श्वासाभोवती शीळ घिरट्या घालत होती. पाळण्याशी कुणी गुणगुणावं तशी.

"बाई, जरा सरका," धाकटी म्हणाली.

अस्तर कापायची मोठी कात्री टेबलावरच होती. खिडकीच्या झडपा आत ओढल्या, पण त्या गंजून आखडल्या होत्या. तिनं पाय लावून ओढल्या. समोर ताडपत्री, ओलसर, जाड, आत-बाहेर हलत होती. बाहेर वारा नव्हता. तरी ती हलत होती. धाकटीनं डोळे मिटून कात्री खुपसली आणि पडद्याचं कापड फाडतात तशी सरळ रेषेत वरपासून खालपर्यंत ओढली.

ऊन धाडकन आत आलं.

तिनं गड्डी फुलवली, हात बाहेर काढला. "ज्याची फुंकर त्याला. जा घरी. सगळे घरी जा."

पत्ते बोटांत थरथरले. आधी काही झालं नाही. मग ताडपत्रीच्या फटीतून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, एकामागून एक, सभा सुटल्यावर दारातून माणसं निघतात तसं. कुणीतरी तिच्या केसांना घासून गेलं. तंबाखूचा वास आला आणि विरला. कोपऱ्यावरून न्हाव्याचा आवाज आला. अख्खं वाक्य, शेवटपर्यंत. मागे गाणाऱ्या बाईंनी खोल, लांब श्वास घेतला, बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा, आणि खाली बसल्या.

धाकटीनं गड्डी पुन्हा कानाला लावली. दोन राहिले होते. इवलासा, आणि शीळ.

खालून दादाचा आवाज आला, "धाकटे! पाणी आण, हिला घाबरं होतंय!" त्याच्या आवाजाला धार आली होती. वहिनीचा स्वतःचा श्वास परतला होता. पण तो दुसरा परतला नव्हता, आणि आईचा जीव तेवढ्यानं कासावीस झाला होता.

धाकटीनं गड्डी पुन्हा झटकली, पुन्हा म्हणाली, जा. तो जात नव्हता. कसा जाईल? त्याला घर कुठलं ते ठाऊक नव्हतं. ज्याचा आवाज ओळखीचा, त्याच्याजवळ तो राहणार. आणि शीळ जागची हलत नव्हती, कारण तिला कुणी जा म्हटलंच नव्हतं. रोज दुपारी दार लावून धाकटी तिला थांब म्हणत आली होती.

तिनं गड्डी छातीशी धरली. ऊब लागत होती, माणसाच्या हातासारखी. खिडकी लावून घेतली असती तर ती ऊब राहिली असती. आत्या राहिली असती. एकदाच तिनं झडपेकडे पाहिलं.

मग गड्डी ओठांशी नेली आणि अगदी हळू म्हणाली, "आत्या, पोराला तेवढं खाली सोडून ये. वहिनीकडे. जिना माहितीय तुला." मग पुढचं म्हणाली, "आणि मग परत वर येऊ नकोस. तिकडं जा. वरचा वाट बघत असेल."

तिनं हात खिडकीबाहेर नाही काढला. जिन्याकडे वळली, आणि दारात उभी राहून गड्डी फुलवली.

मागे गाणाऱ्या बाईंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी डोळे मिटले आणि अडलेली ओळ पुन्हा धरली. या वेळी ती तुटली नाही.

"तुझ्या दारचा वारा, माझ्या उरात आला,
तुझ्याच दारी जाईल, सांगू काय तुला."

ओळीच्या शेवटी शीळ वाजली. बाईंच्या दातांत फट नव्हती.

जिन्याच्या पायऱ्या करकरल्या. वरपासून खालपर्यंत, सावकाश, कडेवर काही घेऊन उतरावं तशा. धाकटीला कुणी दिसलं नाही. तिच्या हातातली गड्डी क्षणात गार झाली, आणि इतकी हलकी की पत्ते निसटून पायऱ्यांवर पसरले.

खाली सगळं थांबलं होतं.

मग वहिनीचा आवाज आला, धाप नसलेला, खणखणीत. "अहो! आत्ता इथं शीळ कुणी घातली?"

"मी नाही," दादा म्हणाला.

"तुम्हाला येते कुठं? अगदी कानाशी..." ती थांबली. पुढचं ती इतक्या हळू बोलली की धाकटीला पायऱ्यांवर बसून ऐकावं लागलं. "अहो, हात द्या इकडं. इथं. लागलं का? हललं ते."

दुकानाच्या दाराला टांगलेल्या नमुन्याच्या पडद्यांच्या कड्या किणकिणल्या, कुणी ते सारून रस्त्यावर गेल्यासारख्या. मग त्याही थांबल्या.

धाकटीनं पायऱ्यांवरचे पत्ते एकेक करून उचलले. वर येऊन काळ्या कापडावर ओळीनं मांडले आणि एकेकावर बोट ठेवून विचारलं, "आहेस ना?" सगळे होते. तिनं ते गोळा केले आणि कानाला लावले. आत पुठ्ठा होता, नुसता पुठ्ठा.

गाणाऱ्या बाई अजून खुर्चीवर होत्या. "बाळ, रडतेस का?" त्यांनी विचारलं.

"हात ओले आहेत," धाकटी म्हणाली. "वाळेपर्यंत बोलायचं नसतं."

खिडकी तिनं उघडीच ठेवली. खाली मशीन सुरू झालं, आणि लगेच दादाचं ओरडणं, "अगं, उठ तिथून! विश्रांती सांगितलीय ना?"